खालचा पत्ता

यातलं एकही वाक्य मी पदरचं घातलेलं नाही. अर्पिता माझी सख्खी मावसबहीण. परभणीत राहते, लग्नकार्यांत पत्त्यांची जादू करते. तिच्यासोबत जे घडलं, तेवढंच लिहितोय.

मागच्या माघातली संध्याकाळ. सेलूत एका साखरपुड्यात तिचा कार्यक्रम होता. हॉल म्हणजे पूर्वीचं कापसाचं गोदाम. रंग नवा, भिंती जुन्याच.

तिचा हुकमी खेळ म्हणजे एका जुगाऱ्याची गोष्ट. दोन पाहुण्यांना टेबलाशी बसवायचं, गोष्ट सांगत सांगत तीन पत्ती वाटायची आणि गड्डीच्या तळातून गुपचूप पत्ते काढत तीन एक्के स्वतःकडं घ्यायचे. आजवर कुणाला कळलं नव्हतं.

तिनं सुरुवात केली, "एक होता जुगारी. नाव त्याचं आदिनाथ..."

आणि ती स्वतःच दचकली.

त्या जुगाऱ्याला तिनं कधी नावच दिलं नव्हतं.

तिनं पत्ते पिसले.

आवाजच आला नाही...

नवी कोरी गड्डी. एरवी फर्रर्र वाजते. माणसं हसत होती, आत ताटं वाजत होती, सगळं ऐकू येत होतं. फक्त पत्ते मुके.

ती वाटू लागली.

"ताई, तिथं कोण बसलंय?" नवरीचे मामा सूर्यभान हसत म्हणाले.

टेबलाच्या रिकाम्या बाजूला तिनं पत्ता टाकला होता.

"तिथं आदिनाथ बसलाय," तिनं वेळ मारून नेली. लोक हसले. पुढच्या फेरीला ती बाजू टाळायची, असं तिनं ठरवलं.

हात तिकडंच गेला...

आता खालचा पत्ता काढायचा होता. बोट तळाशी गेलं.

मनगटावर कुणीतरी हात ठेवला.

गार. ओलसर. दिसत काहीच नव्हतं.

अगदी कानाशी कुणी पुटपुटलं, "खालचा न्हाई... त्यो माझा हाय."

तिनं बोट मागं घेतलं. पण समोर हॉल भरून माणसं. तिनं गोष्ट तशीच रेटली. शेवटी स्वतःचे पत्ते उलटे केले.

दुर्री, पंजी, अठ्ठी.

रिकाम्या बाजूचे पत्ते उघडायची तिची छाती होईना. सूर्यभानमामांनीच ते उलटले.

तीन एक्के.

टाळ्यांचा कडकडाट झाला. एवढ्या टाळ्या तिला कधीच पडल्या नव्हत्या. तिनं मात्र घाईघाईनं पत्ते गोळा केले.

सामान आवरताना नवरीच्या घरातल्या म्हाताऱ्या सरजाबाई जवळ आल्या.

"पोरी, आदिनाथचं नाव तुला कुणी सांगितलं गं?"

"गोष्टीतलं आहे, आजी."

"गोष्टीतलं कसं? माझा दीर व्हता त्यो. हितंच गोदामात खेळायला बसायचा. डावखुरा, पण लय हुशार हाताचा. एकदा खालून पत्ता काढताना धरला लोकांनी..."

"मग?"

सरजाबाईंनी टेबलाच्या त्या रिकाम्या बाजूकडं पाहिलं. पदर तोंडाला लावला.

"जेवून जा बाई," एवढंच म्हणाल्या.

अर्पिता न जेवताच निघाली.

तो खेळ तिनं बंद केलाय. परवा दुपारी माझ्याकडं आली होती. बोलता बोलता सवयीनं पत्ते वाटत बसली. मी सहज विचारलं, "अर्पिता, डाव्या हातानं कधीपासून वाटायलीस?"

ती हाताकडं बघत राहिली.

मग तिनं हळूच गड्डी खाली ठेवली.

अंगठा मात्र तसाच सरकत होता... एकेक पत्ता पुढं ढकलल्यासारखा.