मुंडाशातून चाळलेली साखर

टक्.

दुपारच्या शांततेत स्टीलच्या ताटात साखरेची पाकळी वाजली. डिंक घालून मळलेली साखर, म्हणजे गमपेस्ट, पुरती वाळली की अशीच वाजते, बांगडीवर बांगडी टेकावी तशी. त्या आवाजानं अंकिता जागी झाली.

"आई, साखरेची फुलं तू कवा शिकलीस?"

पाच वर्षांच्या पोरीला काय सांगायचं... तरी सांगत गेले.

तेव्हा माझं लग्न व्हायचं होतं. आमच्या राहू गावात बड्या घरच्या हौसरावांच्या नातीचा पहिला वाढदिवस होता. दौंडला क्लास करून केक शिकलेली गावात मी एकटीच. म्हटलं, केक मी करते, वरच्या गुलाबांसकट. हौसराव पानाला चुना लावता लावता माझ्या आबांकडे बघून हसले. "गेणबा, तुम्ही मेंढरं राखली. तुमच्या पोरीला गुलाब कुठलं जमायचं? फुलं पुण्याहून मागवतो."

आबांनी मान खाली घातली. बोलून बसले मीच, "गुरुवारपर्यंत थांबा. न्हाई जमलं तर मागवा."

पहिला गोळा फसला. मी घातला होता लाडवाचा डिंक. पाकळी लाटायला घेतली की चुरा. तशीच दौंडला गेले, काष्ठौषधीच्या दुकानात. डिंक मागितला, तर मागून आवाज आला...

"बाळंतीण कोण, बहीण का?"

वळून पाहिलं. एक तरुण होता, खिशाला पेन, ओठांत दाबलेलं हसू.

"केकवरची फुलं करायचीत."

"डिंकाची?"

"साखरेची. डिंक नुसता धरून ठेवायला."

दुकानदारानं पाण्यात फुगणारा कतीरा डिंक पुढे केला. "हा घ्या ताई, ह्यो ताणतो."

"आन् साखर मिक्सरात दळता ना?" तो पुन्हा मध्येच. "दाणा राहतो तिच्यात. मलमलीतनं चाळा."

"तुम्हाला कुणी विचारलं?"

"कुणीच न्हाई. पण मी कारखान्याच्या लॅबमधी हाय. साखर आमची... काळजी वाटती."

"साखरेची?"

"सध्या तरी साखरेचीच."

परतीच्या एसटीत मी खिडकीकडे तोंड करून बसले. एकटीच हसत होते ना.

घरी मलमल कुठली? साड्या सगळ्या नायलॉनच्या. चाळणीतून साखर खरखरीतच पडायची, पाकळी फाटायची. बुधवारी सकाळी मी हताश बसले होते. आबा उंबऱ्यातून उठले, डोक्यावरचं पांढरं मुंडासं उतरवलं, स्वतः साबणानं धुतलं, उन्हात वाळवलं आणि माझ्या हातात दिलं.

"मलमलच हाय ही."

मुंडाशाशिवाय त्यांना मी कधी पाहिलं नव्हतं. त्यातून साखर धुरासारखी उतरली. कतीऱ्याचं पाणी, लिंबाचे चार थेंब, बोटभर डालडा. कणकेसारखी मळली, ओल्या फडक्याखाली झाकली. मग पाकळी इतकी पातळ लाटली की तिच्यातून माझं बोट दिसलं. बारा गुलाब झाले.

गुरुवारी मांडवात हौसराव केकवर वाकले. "कुठल्या बेकरीतनं आणलीत ही?"

आबा म्हणाले, "माझ्या मुंडाशातनं."

हौसरावांनी एक गुलाब उचलला, बघितला, जपून होता तिथं ठेवला. "पोरी, थोरल्या नातवाच्या लग्नाचा केक तुझ्याकडं."

मी मान खाली घातली नाही. का घालावी?

कारखान्याची माणसंही जेवायला आली होती. पंगतीआडून तो आला, आणि दुकानात एवढं बोलणारा आता शब्द शोधू लागला.

"मी हनुमंत. केंदूरचा. तुमचं नाव..."

"सुषमा."

"आमच्या आप्पांचं मुंडासं हाय घरी, नवंकोरं. तिकडं येऊन... त्यातनं चाळाल का साखर?"

कानाच्या पाळ्या तापल्या माझ्या. पण आवाज सरळ ठेवला.

"चाळायला तुम्ही बसायचं. फुलं माझी."

"व्हय. आन् नाव बी तुमचंच."

त्या माणसानं, म्हणजे अंकिताच्या बाबांनी, शब्द पाळलाय. आजही रविवारी मांडी घालून चाळायला बसतात, मिशांवर साखर. आणि ऑर्डर घ्यायला आलेल्याला आधीच सांगतात, मालकीण आत हाय.

अंकिता ताटाशी बसून सगळं ऐकत होती. मग माझ्याकडे पाहत म्हणाली,

"आई, तू फुलं करत होतीस, तवर आबा उघड्या डोक्यानं कुठं बसले होते?"