औषध न घातलेलं तळं

बांधावर रामनाथची सायकल घसरली आणि कॅरियरवरच्या खोक्यातून एक बाटली घरंगळत थेट हंसाच्या पायाशी आली. तिने ती उचलून उन्हात धरली. आत ताकासारखं गढूळ पाणी.

"दारू आहे का?"

"जंतू आहेत," गुडघा झटकत तो म्हणाला. "चांगले. कोळंबीच्या तळ्यात सोडले की वाईट जंतूंना जागाच ठेवत नाहीत."

"म्हणजे मुक्कामाला आलेल्या आत्याबाईच."

तो हसला... हसताना चष्मा सावरायची त्याची खोड तिला तेव्हाच आवडली असावी.

ही सत्त्याऐंशी सालची गोष्ट. रामनाथ मुंबईच्या एका मत्स्यसंशोधन संस्थेत नुकताच लागला होता. गास गावाजवळच्या खाडीकाठी त्याने कोळंबीची दोन तळी निवडली, एक शेजारच्या शत्रुघ्नचं आणि दुसरं हंसाच्या वडिलांचं, बळीरामचं. एकात जंतू सोडायचे, दुसऱ्यात काहीच नाही. तरच फरक कळणार. काहीच न घालायचं तळं बळीरामचं ठरलं, कारण त्याच्या नोंदी हंसा ठेवणार होती.

"तू खोटं लिहिणार नाहीस, म्हणून," तो म्हणाला. कुणी गजरा द्यावा तसं तिला ते वाटलं.

रोज सकाळी तो पाणी तपासायला येई. ती आकडे सांगे, तो एकच आकडा दोनदा विचारी... आणि तीही दोनदा सांगे.

भाद्रपदात रोग आला. कोळंबी काठाला येऊन लोळू लागली. शत्रुघ्नच्या तळ्यात तो चार दिवसांत ओसरला, बळीरामच्या तळ्यात वाढतच गेला.

"पानी सडलं, सायेब. काय तरी करा," बळीराम म्हणाला. रामनाथ वहीत बघत राहिला.

हंसाने त्याला बांधाच्या टोकाशी गाठलं. खोक्यात दोन बाटल्या शिल्लक दिसत होत्या.

"एक द्या."

"आठच दिवस थांब, हंसा. आत्ता घातली तर सगळं वर्ष—"

"एक."

त्याने खोक्यावर हात ठेवला. घट्ट नाही, नुसता ठेवला. ती परत फिरली.

बाटली तिला पळवताही आली असती. तो पाण्यात उतरे तेव्हा खोकं बांधावरच असे. पण ती मेलेली कोळंबी मोजत राहिली, खरे आकडे लिहीत राहिली. आठव्या दिवशी मोजायला काही उरलं नाही.

माघात रामनाथ नवा शर्ट घालून आला. प्रयोगाचं कौतुक झालं होतं. इतक्या चोख नोंदी वरिष्ठांनी आजवर पाहिल्या नव्हत्या. हे सांगून झाल्यावर तो मूळ गोष्टीवर आला.

"हंसा... मी तुझ्या बाबांशी बोलायला आलोय. आपल्याबद्दल."

या वाक्याची तिने रोज सकाळी वाट पाहिली होती. तरीही तिने नकारार्थी मान हलवली.

"रागावलीस माझ्यावर?"

"नाही. तुमचं काम बुडालं असतं, कळतं मला." तिने पदर खोचला. "पण त्यानंतर पाच महिने गेले. आमच्या घरी चूल कशी पेटते, हे एकदाही विचारायला आला नाहीत."

त्याने घरात डोकावून बघितलं.

"बाबा आता मिठागरावर मजुरीला जातात. दिवेलागणीला येतील," ती म्हणाली. "तुम्ही थांबू नका."