दादाच्या दुकानासाठी दिवा

पाटीवरचं ‘आणि बंधू’ रंगारी पुसत होता, तेव्हा खुद्द बंधू खाली उभा राहून बघत होता. दोघांनी मिळून वाढवलेलं कापडाचं दुकान त्या दिवसापासून थोरल्याचं एकट्याचं झालं.

“चहा घेणार?” दादानं आतून विचारलं.

धाकट्यानं घेतला. चहावर राग काढणं त्याला कधी जमलं नव्हतं.

घरी येऊन त्यानं दिवा करायला घेतला. जांभळट उजेडाचे बारके एलईडी आणले, ते तापून जळू नयेत म्हणून ॲल्युमिनियमच्या पट्टीवर बसवले, तारांना कथलाचे टाके दिले, स्कूटरची जुनी बॅटरी जोडली आणि वरून जॅमची रिकामी बरणी पालथी घातली.

“हे काय आता?” बायकोनं विचारलं.

“पतंग बोलावतोय.”

“जेवायला?”

“हो. दादाकडे.”

बेत सरळ होता. दुकानाच्या मागच्या झरोक्यात दिवा टांगायचा, पतंग आत शिरतील आणि लोकरी सुटिंगची चाळण होईल. दादा हातात ठाण घेऊन रडेल, तेव्हा आपण चहा विचारायचा.

अंधार पडताना गच्चीवर चादर बांधून त्यानं चाचणी घेतली. पतंग आले, पण दिव्याभोवती एकही फिरला नाही. सगळे चादरीवर गपचूप बसले, तोंडं त्याच्याकडे करून. पांढरा शर्ट चमकत असेल, असं म्हणून त्यानं काळा घातला. तो डावीकडे सरकला. चादरीवर बारीक सळसळ झाली, आणि सगळी डोकी डावीकडे वळली.

दुसऱ्या संध्याकाळी त्यानं दिवा झरोक्यात टांगला. सकाळी जाऊन पाहिलं तर दिवा जळतोय, दुकान स्वच्छ. घरी परतला, तर त्याच्याच दारावर पतंग कौलांसारखे एकाला एक लागून बसलेले.

त्यानं परत जाऊन दिवा काढून आणला आणि बॅटरीची वायर उपटली. दिवस कलताच ते पुन्हा आले, दिव्यावाचून, आणि त्याच्या छातीवर बसले.

दुसरा एखादा घाबरला असता. पण सूड घ्यायला निघालेल्या माणसाला असल्या गोष्टींची भीती वाटत नाही, सोय वाटते. दिवा नाही तर नाही, आपण स्वतःच जाऊ, असं म्हणून त्यानं चपला घातल्या.

दुकानात वीज गेली होती. दादा अंधारात गादीवर बसला होता.

“कोण? अरे, टॉर्च खाली कर. डोळ्यांवर येतेय.”

धाकट्याचे दोन्ही हात रिकामे होते.

त्या उजेडात दादाला काउंटर दिसत होतं. कात्री दिसत होती. ठाणांवरच्या चिठ्ठ्यासुद्धा वाचता येत होत्या.

मग दारातून पतंग आले.

“घे!” धाकटा म्हणाला. “आता खातील सगळं. पूस अजून पाटी!”

दादा उठला नाही. पतंग मांडण्यांवरून, मऊ लोकरी ठाणांवरून गेले. एकही टेकला नाही.

“पतंग कापड खात नाहीत रे,” दादा हळूच म्हणाला. “त्यांच्या अळ्या खातात. इतकी वर्षं दुकानात काय केलंस?”

धाकट्यानं मान खाजवायला हात उचलला.

“हलू नकोस,” दादा म्हणाला. “अंडी घालतायत.”