ओळखलं, साहेब

केरेमीसाहेब गेले तेव्हा एमिल जाकारला मनापासून बरं वाटलं. पीडा टळली असंच वाटलं, आणि त्यात लाजण्यासारखं काय आहे? ज्यानं त्या माणसाला उभा जन्म सांभाळलंय, त्यानं बोलावं.

खाजगी बँकेतला माणूस पैसे सांभाळतो, असं लोक समजतात. पैसे बिचारे गप्प पडून असतात. सांभाळावं लागतं ते त्यांच्या मालकाला. बाल्टाझार केरेमीनं एकाच लढाईतल्या दोन्ही बाजूंना तोफा विकल्या होत्या. वर्तमानपत्रवाले जिनिव्हात त्याच्या दारावर टपून असत. त्यांना चुकवून त्याला मागल्या जिन्यानं बाहेर काढायचं, ते एमिलनं. त्याच्या म्हाताऱ्या कुत्र्याचे दात काढून आणायचे, ते एमिलनं. रुसून गेलेल्या स्वयंपाकिणीची समजूतही त्यानंच घालायची. पुन्हा वर ऐकून घ्यायचं की, "जाकार, तू दिवसेंदिवस मंद होत चाललायस."

ओदिलला, म्हणजे बायकोला, एमिलनं शब्द दिला होता. केरेमीचं आटोपलं की नोकरी सोडायची आणि र्‍होनच्या खोऱ्यात, तिच्या माहेरच्या जर्दाळूच्या बागेत जाऊन राहायचं. फक्त दोघांनी. ओदिलनं या शब्दावर बरीच वर्षं काढली होती, आणि अलीकडे ती त्याबद्दल विचारायचीसुद्धा बंद झाली होती. एमिलला तेच जास्त लागायचं.

केरेमीला जवळचं कोणी नव्हतं, म्हणून शवपेटीचं लाकूडही एमिलनंच निवडलं. खांदाही दिला. पुढच्या सोमवारी तो टेबलाशी बसून कॉफी पीत होता, तेवढ्यात फोन वाजला.

"डोंगरातल्या बंगल्याचा बॉयलर गळतोय. झोपा काढतोस का?"

"ओळखलं, साहेब," एमिल म्हणाला.

असल्या ग्राहकांची नावं फोनवर उच्चारायची नसतात. आवाज ओळखायचा आणि तसं तोंडानं सांगायचं. ते सांगितलं की मगच फोन खरा धरतात, आणि तिथून पुढे काम बँकेच्या गळ्यात. सवयीनं शब्द बाहेर पडले आणि मग एमिलच्या ध्यानात आलं, आवाज केरेमीचा होता. रिसीव्हर बर्फासारखा गार लागत होता. कान पुसला तर बोटं ओली झाली.

कुणीतरी नक्कल करतंय, असं म्हणून तो संतापला. तरी प्लंबरला पाठवलंच. तळघरात घोटाभर पाणी होतं.

मग फोनांचा ससेमिरा सुरू झाला. कुत्र्याला मांस फार शिजवून देतात. पडदे कोणी उघडे ठेवले? अमक्या शेअरचं काय केलंस? जिवंतपणी निदान दुपारचा झोपायचा तरी, आता तेवढीही उसंत नाही. एमिलला भीती वाटायला हवी होती, पण त्याच्या वाट्याला आला तो नुसता वैताग. मेलेल्या माणसानं तरी पिच्छा सोडावा की नाही? एकदा तो फोनवर जांभई दाबत होता, तर पलीकडून आवाज आला, "तोंड मिट." खोलीत दुसरं कोणी नव्हतं.

शेवटी तो बँकेचे भागीदार व्हिलारे यांच्याकडे गेला. त्यांनी डोळे मिटून फोनचं ध्वनिमुद्रण शेवटपर्यंत ऐकलं.

"आवाज त्यांचाच आहे," ते म्हणाले. "तू ओळखलंही आहेस. मग तक्रार काय?"

"साहेब, मी त्यांना खांदा दिलाय."

"ती तुझी खाजगी बाब झाली, एमिल."

एमिलनं कपाळाला हात लावला. नोकरी सोडायची तर खुशाल सोड, व्हिलारे म्हणाले, पण ग्राहक रीतीप्रमाणे दुसऱ्याकडे सोपवून जा. रीत जुनी होती. जाणाऱ्यानं आपल्या ग्राहकाला जेवायला बोलवायचं आणि नव्या माणसाची ओळख करून द्यायची. ग्राहक ज्याचा हात हातात घेईल, तो त्या दिवसापासून त्याचा. याचा कागद करत नाहीत. जाणाऱ्याची बायकोही त्या जेवणाला असते, निरोपाचा मान म्हणून.

असं ते हास्यास्पद जेवण झालं. वरच्या मजल्यावरची जेवणाची खोली, बाहेर तळ्यावरून सुटलेला बोचरा वारा, खिडक्यांची तावदानं खडखडत होती. व्हिलारे, एमिल, ओदिल, नवी मुलगी माएल आणि खिडकीशी, ओदिलच्या शेजारी, एक रिकामी खुर्ची. वाढप्यानं त्या खुर्चीसमोरही लोण्यात परतलेला मासा ठेवला आणि वाइन ओतली. त्याच्या चेहऱ्यावरची रेघ हलली नाही.

एमिल उभा राहिला. कान तापले होते. रिकाम्या खुर्चीकडे बघून त्यानं माएलची हुशारी सांगितली, तिच्या तीन भाषा सांगितल्या. माएलनं हात पुढे केला.

हात तसाच राहिला. व्हिलारे खाकरले. माएलचा दंड भरून आला, मग ती हसली आणि खाली बसली.

बाकीच्यांच्या ताटांतून वाफ येत होती. त्या ताटातलं लोणी मात्र गोठून पांढरं झालं होतं.

ओदिलनं काटा खाली ठेवला.

"पुरे झालं हं आता," ती खुर्चीला म्हणाली. भांडणाऱ्या शेजाऱ्याशी बोलावं तसं. "सगळं आयुष्य वापरलंत त्याचं. सोडा माझ्या नवऱ्याला."

आणि भांडण मिटवताना करतात तसा तिनं हात पुढे केला.

तिची बाही किंचित पुढे ओढली गेली.

क्षणभरानं तिनं हात मागे घेतला आणि मांडीवरच्या रुमालात गुंडाळला. "गार आहे इथे," एवढंच म्हणाली. पुढे जेवली नाही.

त्या दिवसापासून एमिलच्या टेबलावरचा फोन गप्प झाला. महिनाअखेर त्यानं किल्ल्या परत केल्या. कुणी अडवलं नाही.

बागेत जर्दाळू फुलले होते. एमिल झाडांची आळी करायला शिकला, आणि कुदळीनं हाताला फोड आला तर त्याचं त्यालाच कौतुक वाटलं. ओदिल गुणगुणत चीज कापायची. आपल्या बायकोला गाता येतं हे त्याला ठाऊकच नव्हतं. एवढं सुख फुकट मिळालं, असं वाटून तो हसायचा.

एका सकाळी स्वयंपाकघरात फोन वाजला. तो उठेपर्यंत ओदिलनं घेतलाही होता. ती पाठमोरी उभी राहून ऐकत होती.

"कोण आहे?" एमिलनं विचारलं.

तिनं मागे न बघता तळवा उंचावला. थांब. इतकी वर्षं तो तिला असाच थांबवत आला होता.

"हो, साहेब," ती म्हणाली. "लगेच निघते."

फोन ठेवून तिनं ओला कान एप्रनला पुसला. खुंटीवरचा कोट काढला. ती बुटांची नाडी बांधून उठली, तेव्हा कुठे त्यानं विचारलं, "परत कधी येशील?"

ओदिल दारात थांबली. तिला खरंच आठवून बघावं लागलं.

"ते काही बोलले नाहीत," ती म्हणाली.