चिंचोक्याची अकरा सेकंदं

चिंचोका ट्रेमध्ये जायचा, हुंगायचा, दोन गिरक्या घ्यायचा आणि बाहेर येऊन गालिच्यावर शू करायचा. मग शेपटी हलवत बिस्किटाची वाट बघत उभा राहायचा, जणू सांगितलेलं काम त्याने चोख पार पाडलं होतं. हे असं का, ते दहा वर्षांच्या ऋजुताला काही केल्या कळत नव्हतं.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळच्या त्या वस्तीत माणसं एकतीस आणि कुत्रा एकच. अडीच महिन्यांचं पिल्लू, चिंचेच्या बीसारखं गडद तपकिरी आणि चकचकीत. चंद्रावर कुत्रा नीट वाढतो का, हे पाहायला त्याला पृथ्वीवरून मुद्दाम आणलं होतं आणि सांभाळायचं काम ऋजुताने हट्टाने मागून घेतलं होतं. चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या सहाव्या हिश्श्याइतकंच, त्यामुळे चिंचोका पळायला लागला की चेंडूसारखा उसळे आणि हवेतच पाय मारत सावकाश खाली येई. कामाच्या घाईतली मोठी माणसंही ते बघायला रेंगाळत.

पण त्याला बाहेर फिरवायची सोय नव्हती. दाराबाहेर हवाच नाही. म्हणून कागदाच्या गोळ्यांनी भरलेला, उंच काठांचा ट्रे ठेवला होता. शू गालिच्यात मुरली की तिच्यातून अमोनिया (उग्र वासाचा एक वायू) हवेत पसरे आणि भिंतीतले संवेदक (हवेतले बदल टिपणारी उपकरणं) वाजू लागत. बंद वस्तीत तीच हवा शुद्ध करून सगळ्यांनी पुन्हा पुन्हा वापरायची असते. वस्तीप्रमुख कुरियनबाईंनी शांतपणे सांगून टाकलं होतं, की आठ दिवसांनी यान पृथ्वीवर जाईल. तोवर गजर थांबले नाहीत तर पिल्लूही त्याच यानातून परत जाईल.

त्याच दिवशी ऋजुताचा धीर सुटला. चिंचोका पुन्हा गालिच्यावर बसला तेव्हा ती त्याच्यावर जोरात ओरडली. तो अंग चोरून भाजीघरात पळाला आणि पालकाच्या वाफ्यामागे लपला. थोड्या वेळाने त्याने तिथेच, कुणाला दिसणार नाही अशा कोपऱ्यात शू केली.

भाजीघर मावशीआजींचं. मावशीआजी, म्हणजे डॉ. हेमलता तांडेल, वस्तीतल्या जीवशास्त्रज्ञ होत्या. त्यांनी रडवेल्या ऋजुताला जवळ बसवून घेतलं आणि समजावलं, की ओरडण्यातून पिल्लू एवढंच शिकलं, माणसांसमोर शू करणं धोक्याचं आहे. कुठे करायची, ते त्याला अजून कळलेलंच नाही.

"मग शिकवायचं कसं? ट्रेमध्ये केली की बिस्किट तर देतोच," ऋजुता म्हणाली.

"बिस्किट मिळतं त्या क्षणी तो कुठे असतो? तेवढं बघ. अंदाज नको, नोंद कर."

ऋजुताने कागदावर ट्रे आणि गालिचा यांचं चित्र काढलं. टापटीप हा वस्तीतला यंत्रमानव चिंचोक्याला ट्रेपाशी नेई आणि बिस्किटंही तोच देई. त्याच्या स्मृतीत पहिल्या दिवसापासूनची चित्रफीत होती. ती लावून, बिस्किट मिळताना पिल्लू जिथे उभं असेल तिथे ती फुली मारत गेली. चौदा फुल्या झाल्या. चौदाही गालिच्यावर होत्या, ट्रेमध्ये एकही नव्हती.

पहिले दोन दिवस चिंचोका ट्रेमध्येच शू करत होता. पण टापटीप आधी ट्रेचं वजन करी, आकडा नोंदवी आणि मगच बिस्किट काढी. ऋजुताने मोजलं, बरोबर अकरा सेकंदं लागत होती. तेवढ्यात पिल्लू उडी मारून गालिच्यावर आलेलं असे.

"खात्री केल्याशिवाय बक्षीस देणं मला योग्य वाटलं नाही," टापटीपने स्पष्टीकरण दिलं.

मावशीआजींनी सांगितलं, की याला प्रबलन म्हणतात (कृतीपाठोपाठ काही चांगलं मिळालं, की ती कृती पुन्हा करावीशी वाटणं). पाठोपाठ म्हणजे एक-दोन सेकंदांत. पिल्लू बिस्किटाचा संबंध अगदी शेवटच्या कृतीशी जोडतं. अकरा सेकंदांपूर्वीची शू त्याच्या लेखी कधीच मागे पडलेली असते. त्याला वाटलं, बिस्किट गालिच्यावर येण्याचं आहे.

त्याच दुपारी कामाला सुरुवात झाली. गालिच्यावर मावशीआजींनी विकर (मोठे रेणू तोडणारे, सजीवांत तयार होणारे पदार्थ) शिंपडले. साध्या साबणाने आपल्याला वास येईनासा होतो, पण कुत्र्याच्या नाकाला तो येतच राहतो आणि ते पुन्हा त्याच जागी जातं. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर ऋजुता चिंचोक्याला ट्रेपाशी नेऊ लागली, कारण इवल्या मूत्राशयाला तेव्हाच घाई होते. शू संपताक्षणी, त्याचे चारही पाय ट्रेमध्ये असतानाच, ती बिस्किट पुढे करी. वजन टापटीप नंतर सावकाश करी.

पहिल्या दिवशी दोनदा चुकलं. तिने न ओरडता फक्त पुसून घेतलं. तिसऱ्या दिवशी एकदाच चुकलं. पाचव्या दिवशी चिंचोका खेळता खेळता थबकला आणि कुणी न नेता, तीन उड्यांत ट्रेमध्ये पोहोचला. ऋजुता इतकी हरखली, की बिस्किट द्यायला विसरणारच होती.

आठव्या दिवशी कुरियनबाई स्वतः आल्या. तीन दिवसांत एकही गजर झाला नव्हता. चिंचोका नुकताच जागा झाला होता. तो आळस देत ट्रेमध्ये गेला, आपलं काम उरकून तिथेच उभा राहिला आणि ऋजुताकडे बघू लागला. तिने बिस्किट दिलं.

"हा इथेच राहील," कुरियनबाई म्हणाल्या. मग खाली बसून त्यांनी त्याचे कान कुरवाळले. पुढच्या वर्षी मंगळावरच्या वस्तीत दोन पिल्लं जाणार आहेत, तिथल्या लोकांसाठी सूचना लिहून देशील का, असं त्यांनी ऋजुताला विचारलं.

ऋजुता लगेच लिहायला बसली. टापटीप शेजारी उभा राहून वाचत होता. पहिली सूचना अशी होती: पिल्लू चुकतंय असं वाटलं, तर आपण त्याला नक्की काय शिकवलं ते आधी तपासा.

"हे माझ्याबद्दल आहे का?" टापटीपने विचारलं.

"माझ्याबद्दलही आहे," ऋजुता म्हणाली आणि दुसरी सूचना लिहू लागली.