सोळा सेकंद जास्त

पत्र आलं तेव्हा तिनं ते उलटं केलं आणि मागच्या कोऱ्या बाजूवर मुलीला हत्ती काढून दिला.

पत्र मुळात दोनच वाक्यांचं. 'आपणांस कळविण्यात येते की, आपल्या निवासस्थानातील प्रतिमाग्राहक उपकरण असुरक्षित असल्याचे निदर्शनास आले आहे. तरी तातडीने योग्य ती कार्यवाही करावी.' खाली इंटरनेट कंपनीचा शिक्का आणि कोपऱ्यात एक आकडा, एकशे सतरा.

"प्रतिमा… काय?" आईनं चष्मा पुसून पुन्हा वाचलं. "आपल्याकडे नाही बाई असलं काही. मिक्सर आहे."

"अगं, फसवाफसवीची पत्रं असतात ही. 'तातडीने' म्हणाले की समजायचं, चोर आहे."

"विचार तरी कुणाला एकदा."

"आई, मी दिवसाला हजार कागद हाताळते. खरा कुठला, खोटा कुठला, मला कळतं."

तिला कळलं नव्हतं. हत्ती फ्रिजवर जाऊन चिकटला, आणि भिंगरीच्या खाटेसमोरचा छोटा पांढरा कॅमेरा होता तसाच सुरू राहिला. भिंगरी म्हणजे तिची अडीच वर्षांची लेक. पायाला भिंगरी असल्यासारखी घरभर फिरायची म्हणून हे नाव. कॅमेरा दादानं आणून दिला होता. नवरा दुसऱ्या संसारात निघून गेला, तिनं नोकरी धरली, मुलगी दिवसभर आजीपाशी. कामावर बसल्या बसल्या फोनवर लेक दिसावी, एवढाच हेतू. काळजीपोटी लावलेली वस्तू ती. तिच्यावर संशय कोण घेणार?

नोकरी होती विद्यापीठाच्या ग्रंथालयात, तळघरातल्या बांधणीच्या खोलीत. खळीचा ओलसर वास, भिंतीला टेकलेले पुठ्ठे, पुस्तकं दाबायचा लोखंडी शिकंजा, आणि इतकी उंच खिडकी की तिच्यातून बाहेरच्यांचे फक्त पाय दिसायचे. पायांवरून माणसं ओळखायची तिला सवयच लागली होती. पत्र येऊन आठ महिने झाले असतील. एका सकाळी तपकिरी बुटांचा एक जोड त्या खिडकीवरून तीनदा गेला, तीनदा परत आला. डाव्या बुटाची लेस सुटलेली.

चौथ्या खेपेला बूट जिना उतरून आत आले.

"प्रबंध… बांधायचाय. पाच प्रती. काळा पुठ्ठा, सोनेरी—"

"आधी लेस बांधा. जिन्यात पडलात तर तुमची बांधणी माझ्याकडे होत नाही."

तो खाली वाकला. कान लाल झाले होते. उठताना त्यानं पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं आणि पटकन नजर कागदांवर नेली, जणू परवानगी न घेता काही उघडलं असावं.

तिनं पानं चाळली. "एवढ्या टिपा? वर मजकूर कमी, खाली टिपाच जास्त. तुमचं नाव तळटीप ठेवायला हवं."

"ठेवा की," तो म्हणाला. "नाहीतरी मला कुणी वर वाचत नाही."

ती हसली. आपण हसलो हे तिलाच उशिरा कळलं.

दुपारी पानांचा क्रम लावताना परिशिष्टाशी तिचा हात थांबला. 'आपल्या निवासस्थानातील प्रतिमाग्राहक उपकरण…'

अख्ख्या जगात हा शब्द दुसऱ्या कुणी वापरला असणं शक्य नव्हतं. ती उभ्या उभ्या वाचत गेली. कारखान्यातून आलेला पासवर्ड न बदललेले घरगुती कॅमेरे. ते कुणालाही, कुठूनही, उघडता येतात. अशा दोनशे बारा घरांना कंपनीमार्फत पत्रं पाठवली. नऊ घरांनी दखल घेतली. न घेणाऱ्यांची यादी पुढच्या पानावर होती. एकशे चौदा, एकशे पंधरा, एकशे सतरा.

खळीनं चिकट झालेल्या बोटांनीच तिनं घरी फोन लावला.

"आई, भिंगरीच्या खोलीतल्या कॅमेऱ्याची वायर उपट."

"आत्ता? ती झोपलीय. काय झालं—"

"आधी उपट, मग विचार!"

फोनमधून टेबल सरकल्याचा आवाज आला. मग आई म्हणाली, "उपटली. आता सांग."

तिला सांगता येईना. शिकंज्याच्या थंड लोखंडाला कपाळ टेकून ती कितीतरी वेळ उभी राहिली. आठ महिने. त्या खाटेसमोर आपण कपडे बदलले, रडलो, लेकीला आंघोळ घालून तसंच उघडं आणून टॉवेलनं पुसलं…

तिसऱ्या दिवशी तो प्रती न्यायला आला. प्रती तयार होत्या, पण तिनं त्या दिल्या नाहीत.

"हे पत्र तुम्ही लिहिलंत?"

"हो… का?"

"चोरासारखं लिहिलंय."

त्यानं चष्मा वर सरकवला.

"'तातडीने'. 'निदर्शनास आले आहे'. असं फक्त लुबाडणारेच लिहितात. आणि हे प्रतिमाग्राहक उपकरण? कॅमेरा म्हणायला तोंड दुखत होतं?"

"विद्यापीठाच्या समितीनं कॅमेरा शब्द खोडला. म्हणाले, भाषा शुद्ध हवी."

"शुद्ध! त्या दोनशे तीन बावळटांपैकी एक मी—"

त्यानं झटकन हात वर केला. "आकडा सांगू नका. प्लीज. मला घरं फक्त आकड्यांनी माहीत आहेत, पत्ते कंपनीकडे असतात. आकडा आणि माणूस एकत्र आले की मी पहारेकरी राहत नाही. नुसता बघणारा होतो."

ती पाहत राहिली. नवऱ्याला तिच्या फोनचा, पेटीचा, पत्रांचा, सगळ्याचा ठाव हवा असायचा. काही जाणून घ्यायचं नाही म्हणणारा पुरुष तिला पहिल्यांदाच भेटत होता.

"किती जणांनी पाहिलं असेल?" तिनं हळूच विचारलं.

"कळायला मार्ग नाही. कुणीच नाही, किंवा…"

"खोटं तरी बोला हो."

"येत नाही," तो म्हणाला, आणि त्याचा आवाज इतका खोल गेला की तिला त्याचीच दया आली.

न ऐकणाऱ्या घरांना दुसरं पत्र पाठवायचं होतं. ते लिहायला तो रोज दुपारी खाली येऊ लागला. तिचे हात शिलाईत, त्याचे कागदावर. कधी तो पानांच्या कडा धरून ठेवी, कधी सुईत दोरा ओवायला घेई आणि हरे.

"डोळ्याला लावू नका सुई. डोळा गेला तर तळटीप वाचणार कोण?"

"तुम्ही वाचाल ना…"

"मी फुकट वाचत नाही."

एकदा त्याच्या चष्म्याला खळ लागली. तिचा हात पुढे गेला, आणि अर्ध्यावर थांबला. "तुम्हीच पुसा," ती म्हणाली. त्यानं पुसली, पण चुकीची काच.

शेवटी पत्र तिनंच सांगितलं, त्यानं लिहून घेतलं. "खरा माणूस काय म्हणेल? 'माझ्यावर विश्वास ठेवू नका' म्हणेल. लिहा. 'हे पत्र खोटं वाटेल, वाटू द्या. आम्हाला फोन करू नका. कुठंही काही दाबू नका. फक्त उठा आणि घरातल्या कॅमेऱ्याची वायर काढा. मग ज्याच्यावर तुमचा भरवसा आहे त्याला विचारा, हे खरं का.'"

लिहून झाल्यावर त्यानं तो कागद पुन्हा वाचला. "चार वर्षं शिकलो मी हे," तो म्हणाला. "काही मागायचं नाही… एवढं साधं सुचलं नाही."

"तुम्हाला मूल नाही ना, म्हणून," ती म्हणाली, आणि उगीचच दोऱ्याला गाठ मारली.

पत्रं गेली. पंधरा दिवसांनी खिडकीतून ते बूट धावताना दिसले. पुन्हा लेस सुटलेली.

"एक्क्याण्णव!" तो दारातूनच ओरडला. "एक्क्याण्णव घरं बंद झाली!"

तिनं हातातला पुठ्ठा खाली ठेवला. इतका आनंद त्याच्या चेहऱ्यावर तिनं पाहिला नव्हता. आणि मग, कुणाला फूल द्यावं तसं, ठरवून, त्याच्या डोळ्यांत बघत ती म्हणाली, "एकशे सतरा."

तो जागच्या जागी थिजला.

"माझा आकडा. आता तुम्हाला माहीत असला तरी चालेल… मला."

त्याचा रंग उतरला. तो स्टुलावर बसला, चष्मा काढला, पुन्हा घातला. तिला वाटलं, चुकलं आपलं, फार पुढं गेलो.

"अठ्ठ्याऐंशीव्या पानावर टीप आहे," तो म्हणाला. "'चाचणीकरिता पाच उपकरणे उघडून तपासण्यात आली.' इंटरनेटवर उघडे कॅमेरे शोधणाऱ्या माझ्या यंत्राला सापडतंय तो कॅमेराच आहे ना, हे पाहावं लागलं. पहिल्या पत्राच्याही आधी. समितीची परवानगी होती. प्रत्येकी तीन सेकंद, मग पुसून टाकायचं."

"बरं…"

"त्यात एकशे सतरा होता."

वर खिडकीतून कुणाचे तरी पाय गेले.

"काय दिसलं?" तिनं विचारलं.

"रविवारची दुपार होती. कठड्याची खाट. खाली जमिनीवर कुणीतरी बसल्या बसल्या झोपलेलं… तोंड दिसत नव्हतं. एक हात कठड्यातून आत गेलेला. मुलानं त्याचं बोट धरलं होतं."

तो हात तिनं मांडीवर ठेवला, आणि दुसऱ्या हातानं झाकला.

"तीन सेकंद?"

तो हो म्हणू शकला असता. तिला कधीच कळलं नसतं.

"एकोणीस. यंत्रात नोंद आहे."

"वरचे सोळा कशासाठी?"

"माहीत नाही. माणूस झोपेतही हात सोडत नाही, हे बघून… बंद करवलं नाही."

"ते माझं होतं," ती म्हणाली. "दिवसभरातली तेवढीच झोप. कुणी बघावं म्हणून नव्हती ती."

"नाही. नव्हती."

"आणि तुम्ही टिपेत 'पाच उपकरणे' लिहिलंत. ती पाच घरं होती. आत माणसं होती." ती उठली. "या आता."

तो गेला. जाताना लेस तशीच लोंबत होती, आणि तिनं टोकलं नाही.

महिना गेला. ती वाकून शिवत राहिली, खिडकीकडे पाठ करून. घरी आईनं दोनदा विचारलं, तिसऱ्यांदा न विचारता पाण्याचा पेला समोर ठेवून बसली. मग तिनं सगळं सांगितलं.

आई म्हणाली, "वाईट केलं त्यानं."

"हो ना!"

"जावईबापूंनी दोन वर्षं काय केलं, ते आपल्याला शेजारणीकडून कळलं. ह्यानं सोळा सेकंदही पोटात ठेवले नाहीत."

"सांगितलं म्हणून केलेलं पुसलं जात नाही, आई."

"नाहीच पुसलं जात. मी कुठं म्हणते पुस?"

त्या रात्रीपासून भिंगरीला थोपटताना तिच्या मनात दोन गोष्टी आळीपाळीनं येत. एक, त्यानं पाहिलं. दुसरी, तो एका शब्दानं सुटला असता आणि सुटला नाही. दोन्ही खऱ्या होत्या. एकीनं दुसरी खोडली जात नव्हती.

मग एका सकाळी तो आला. हातात पाच पानं आणि समितीचं पत्र. आवाज न करता त्यानं ते टेबलावर ठेवलं. अठ्ठ्याऐंशीवं पान बदलायची परवानगी त्यानं मागून घेतली होती. त्यापायी त्याची तोंडी परीक्षा सहा महिने पुढं गेली होती आणि मार्गदर्शक बोलेनासे झाले होते.

तिनं नवी टीप वाचली. 'चाचणीसाठी पाच घरांच्या आत पाहिले. घरातल्या माणसांना विचारले नव्हते. एका घरात ठरल्यापेक्षा सोळा सेकंद जास्त पाहिले. चूक यंत्राची नाही, माझी आहे.'

"प्रबंधात 'माझी' चालतं?"

"नाही चालत. भांडलो."

तिनं अजून तिच्याकडेच पडलेल्या पाचही प्रती ओढून घेतल्या. "शिलाई उसवावी लागेल."

"हो."

"उसवलेलं पुन्हा शिवलं की थोडं जाड दिसतं. हात फिरवला की कळतं."

"कळू दे."

ती पात्यानं दोरा कापू लागली. तो समोर उभा. तीन प्रती झाल्यावर, मान वर न करता तिनं विचारलं, "त्या सोळा सेकंदांमुळे आवडते का मी तुम्हाला? खरं सांगा. तसं असेल तर ही पानं घ्या, आणि दुसरीकडे बांधा."

तिच्या हातातलं पातं थांबलं.

"तेव्हा तुम्ही कुणीही होतात," तो म्हणाला. "एक हात. आवडलात ते… तुम्ही मला चोर म्हणालात तेव्हा."

"चोर नाही म्हटलं. चोरासारखं लिहिलंय म्हटलं."

"तळटीप कोण देतंय आता?"

ती हसली नाही. पण सुई आणि दोरा त्याच्यापुढं सरकवला. या वेळी त्यानं दोन्ही कोपरं टेबलावर टेकवली, श्वास धरला, आणि दोरा ओवला.

"रविवारी घरी या," ती म्हणाली. "आईला सांगून ठेवते. भिंगरी दार उघडेल. ती आत ये म्हणाली तर यायचं. नाही म्हणाली तर परत जायचं आणि पुढच्या रविवारी पुन्हा यायचं."

भिंगरी पहिल्या रविवारी नाही म्हणाली. दुसऱ्याही. तिसऱ्या रविवारी तिनं त्याला बोट धरून आत नेलं.

या गोष्टीला आता दोन वर्षं झाली. दोघं एका घरात राहतात. दर सोमवारी सकाळी त्याचं यंत्र घरं मोजतं. आत बघत नाही, फक्त उघडं की बंद, एवढंच. त्या पाच घरांपैकी चार बंद झाली. एक अजून उघडं आहे. पत्रं तीन गेली. ते घर कुणाचं, हे त्या दोघांना कधीच कळणार नाही, आणि पुन्हा आत बघायचं नाही हे त्यांचं ठरलेलं आहे. त्याला एवढंच आठवतं. भरदिवसा खुर्चीत एकटं बसलेलं एक म्हातारं माणूस, दाराकडे तोंड करून.

"बंद झालं?" ती दर सोमवारी विचारते.

"नाही."

तेव्हा तुम्हीच बघा. तुमचे वडील असतील, मावशी असेल, एकटी राहणारी काकू असेल, आणि काळजीपोटी तुम्ही त्यांच्या खोलीत कॅमेरा लावून दिला असेल. फोनवर दिसतंय ना, ठीक आहे ना, असं म्हणत असाल. आज एकदा स्वतः जाऊन या. वायर काढा. आणि मग लगेच निघू नका.