वरून दिसतंय

दहीहंडीच्या दिवशी सकाळी चहा झाल्यावर मेघाली नेहमीसारखी फोन घेऊन खिडकीपाशी बसली. डोंबिवलीच्या त्यांच्या गल्लीत आत्तापासूनच ढोल वाजायला लागले होते. तिला मात्र घाई नव्हती. सकाळचा अर्धा तास पेजसाठी ठरलेला, आणि तेवढ्यात काम उरकायची तिला सवय होती.

घरबसल्या चार जणांची पेजं सांभाळायची, हा तिचा धंदा. एक मिठाईवाला, एक नृत्याचा क्लास, एक साडीचं दुकान आणि यंदापासून ठाण्याच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातलं बायकांचं गोविंदा पथक. बाकीच्या तिघांचं मिळून जेवढं काम नसेल, तेवढं या एका पथकाचं. सरावाचा व्हिडिओ टाकला की कमेंटचा नुसता पूर. कौतुक करणारे, पोरींचे नंबर मागणारे, बायकांनी हे असलं करू नये म्हणून शिकवणारे, मध्येच झटपट कर्जाच्या जाहिराती चिकटवून जाणारे. आधी हे काम पथकातल्याच पोरी आळीपाळीने करायच्या आणि एकमेकींवर चिडायच्या. मेघालीने पहिल्याच आठवड्यात घडी बसवून दिली. नोटिफिकेशन बंद. सकाळी अर्धा तास, संध्याकाळी अर्धा तास. व्हिडिओ आदल्या दिवशीच वेळ लावून ठेवायचे. आणि गाळणी. नको ते शब्द एकदा त्या गाळणीत टाकले की ज्या कमेंटमध्ये ते येतील ती आपोआप लपायची. लिहिणाऱ्याला पत्ताही लागायचा नाही.

तिचा नवरा यज्ञेश हसून म्हणायचा, "माणसांना गप्प करायची ही सोय घरात पण आहे का गं?"

गाळणीतले बहुतेक शब्द शिव्या होत्या. एक शब्द मात्र अगदी साधा होता. 'वरून'.

त्याचं कारण ऐशू नावाचं एक खातं. फोटो नाही, पोस्ट नाही, मित्रमंडळी नाहीत. सराव सुरू झाला तेव्हापासून प्रत्येक व्हिडिओखाली त्याची कमेंट यायची, दोनच शब्दांची. 'वरून दिसतंय.' मेघालीने ते खातं ब्लॉक केलं, दुसऱ्या दिवशी ते पुन्हा हजर. पुन्हा ब्लॉक केलं, पुन्हा तेच. कोणीतरी टवाळ पोरगं असणार, त्याच्यामागे कुठे लागायचं, म्हणून तिने तो शब्दच गाळणीत टाकला. कटकट संपली आणि ती विसरूनही गेली.

आज तिने टाकायचे फोटो क्रमाने लावले. सगळ्यात शेवटी क्षिप्राचा. क्षिप्रा म्हणजे पथकातली सगळ्यात हलकी पोर, म्हणून सगळ्यात वर चढणारी. सरावाचे व्हिडिओ रोज संध्याकाळी तीच पाठवायची आणि सोबत लांबलचक बोलून ठेवायची. "ताई, आज मी पडले पण मज्जा आली." "ताई, हा व्हिडिओ नको टाकू, माझं तोंड बघ कसलं झालंय." मेघालीने तिला प्रत्यक्षात दोनदाच पाहिलेलं, तरी तिचा जीव जडला होता त्या पोरीवर. फोटोत क्षिप्रा कंबरेला पट्टा बांधून हसत उभी होती.

फोटो गेला आणि थोड्याच वेळात फोन वाजला. दक्षता होती. क्षिप्राच्या खालच्या थरात, जिच्या खांद्यावर क्षिप्रा उभी राहायची, ती.

"मेघालीताई, आमच्या आईने कालच्या व्हिडिओवर कमेंट टाकली होती. दिसतच नाही. ती रुसून बसलीय."

"काय लिहिलं होतं?"

"वरून दुसरी माझी लेक."

मेघाली हसली. गाळणीनेच खाल्ली असणार. दक्षताच्या आईची कमेंट मोकळी करायला म्हणून तिने लपलेल्या कमेंट पहिल्यांदाच उघडल्या. शिव्या, जाहिराती, मग ती आईची कमेंट. तिच्या वर आणि खाली सगळीकडे ऐशू.

पण आता ते दोन शब्द एकटे नव्हते.

'वरून दिसतंय. कलावतीचा पाय.'

मेघालीच्या तोंडावरचं हसू तसंच राहिलं. पथकातली कलावती थर उतरताना पाय मुरगळून पडली होती, अजून लंगडत होती. तिने कमेंटची तारीख पाहिली. कलावती पडली त्याच्या आदल्या दिवशीची होती.

'वरून दिसतंय. शेवंतीचा खांदा.'

शेवंतीचा खांदा निखळला तेव्हा क्षिप्रा फोनवर रडली होती. ही कमेंटही आधीची. मेघालीला ते खरं वाटेना, म्हणून तिने पुन्हा पुन्हा तारखा पाहिल्या. मग तिची नजर सगळ्यात वरच्या कमेंटवर गेली. आत्ताच टाकलेल्या, पट्टा बांधून हसणाऱ्या क्षिप्राच्या फोटोखाली...

'वरून दिसतंय. क्षिप्रा येतेय.'

तिने क्षिप्राला फोन लावला. उचलला नाही. दक्षताला लावला, तो नुसता वाजत राहिला. पथकाला शिकवणाऱ्या मंजुळाताईंना लावला. तिकडून ढोल-ताशांच्या गोंगाटात कोणीतरी "हॅलो, हॅलो" म्हटलं आणि फोन कट झाला.

"यज्ञेश, गाडी काढ," ती म्हणाली. "ठाण्याला जायचंय. आत्ता."

तिचा चेहरा बघून त्याने लगेच चावी उचलली.

शिळफाट्याने, मुंब्र्यावरून, कळव्यावरून ते कसे गेले ते तिला नीट आठवत नाही. जागोजागी ट्रक भरभरून गोविंदा चालले होते, पाण्याचे फवारे उडत होते. ती मागे बसून फोन लावत होती आणि कोणी उचलत नव्हतं. टेंभी नाक्याच्या अलीकडे रस्ता बंद होता. पथकाची पहिली हंडी तिथल्याच एका आतल्या चौकात होती. ती गाडीवरून उतरली आणि पळत सुटली.

चौकात शिरल्याबरोबर तिला थर दिसले. गुलाबी टीशर्टातल्या बायका एकमेकींच्या खांद्यांवर उभ्या, दंडात दंड अडकवलेले. त्या सगळ्यांच्या पाठीवरून क्षिप्रा वर चढत होती. खारीसारखी, भराभर. क्रेनवरून सोडलेली सुरक्षेची दोरी तिच्या शेजारी लोंबत होती.

मंजुळाताई शिट्टी ओठात धरून खाली उभ्या होत्या. पन्नाशीची, मासळी बाजारात आयुष्य काढलेली दणकट बाई. मेघालीने त्यांच्या डोळ्यांसमोर फोन धरला.

"मंजुळाताई, तिला खाली घ्या. आधी हे वाचा."

मंजुळाताईंनी त्रासिकपणे बघितलं. मग पुन्हा बघितलं. त्यांनी शिट्टी ओठांतून काढली. एवढ्या गोंगाटात त्यांचं बोलणं मेघालीला फक्त ओठांवरून कळलं.

"ह्या नाव तुला कोनी सांगला?"

"कोणी नाही... हे खातं आहे. रोज लिहितंय."

मंजुळाताईंनी वर पाहिलं. क्षिप्रा दक्षताच्या खांद्यांवर पोचली होती. तिने दोन्ही पाय टेकले, सरळ उभी राहिली आणि हंडीकडे न बघता उजवा हात सरळ आभाळाकडे उचलला. तशीच राहिली. लोकांना वाटलं सलामी देतेय. टाळ्या पडल्या.

मंजुळाताईंनी जीव खाऊन शिट्टी फुंकली. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा. उतरायची खूण होती ती. थर क्षणभर गोंधळले, डुलले. क्षिप्राने दचकून खाली बघितलं, हात मागे घेतला आणि उतरू लागली. ती जमिनीला लागताच मेघाली तिच्याकडे धावली.

"काय हो काकी," क्षिप्रा रडवेली झाली होती. "हंडी एवढ्यावर होती. का उतरवलंत?"

मंजुळाताईंनी तिच्या कंबरेचा पट्टा धरून तिला पाठमोरी वळवलं. पट्ट्याची कडी रिकामी होती. दोरीचा हूक तिकडे वर, वाऱ्यावर हलत होता. तो लावलाच गेला नव्हता.

"मी लावला होता," क्षिप्रा पुटपुटली. "खरंच लावला होता..."

मंजुळाताई फुटपाथवर मटकन बसल्या. मेघाली शेजारी टेकली, तेव्हा त्यांनी हळूहळू सांगितलं. ऐशू म्हणजे ऐश्वर्या, त्यांच्या भावाची मुलगी. क्षिप्राच्या आधी सगळ्यात वर तीच चढायची. दोन वर्षांपूर्वी सरावात वरून पडली आणि जागीच गेली. तेव्हा दोरी वगैरे काही नव्हतं. त्यानंतर पथकात तिचं नाव घ्यायचं नाही, असं सगळ्यांनी ठरवलेलं.

"वाचवला गो माझ्या ऐशूनी पोरीला," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे पुसू लागल्या. "आपल्या पोरी हायेत ना त्या. तिला काळजी वाटतेय."

मेघालीला ते पटावंसं वाटलं. इतका वेळ आपण एका भल्या माणसाचं तोंड बांधून ठेवलं, असंही तिच्या मनात आलं. ती पाण्याची बाटली घेऊन क्षिप्राकडे गेली. क्षिप्रा टेम्पोच्या मागच्या फळीवर एकटीच बसली होती.

"घाबरलीस का गं वर?"

"नाही ताई." तिने दोन घोट घेतले. "त्या ताईने हात दिला ना."

"कोणत्या ताईने?"

"वरच्या."

"तुझ्या वर कोणी नसतं, क्षिप्रा. तूच सगळ्यात वर असतेस."

"हो ना." क्षिप्राने कपाळाला आठ्या घातल्या, जणू तिलाही हे आत्ताच सुचलं होतं. "पण होती. मी वर बघितलं, तर तिने हात खाली केला होता. मी धरला. गार होता. ती म्हणाली, आता त्यांना सोड..." ती थांबली. "मी सोडणारच होते. तेवढ्यात काकींची शिट्टी झाली."

मागे पावलं वाजली. दक्षता आली होती. पण फळीवर न बसता ती उभीच राहिली, दोन्ही हातांनी आपले खांदे चोळत. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता आणि ती क्षिप्राच्या डोळ्यांत बघायचं टाळत होती.

"ताई, एक विचारू?" ती अगदी हळू म्हणाली. "ती उभी राहिली ना, तेव्हा तिचे पाय माझ्या खांद्यावर होते. दोन्ही. मला कळत होते..."

"मग?"

"वजन नव्हतं, ताई. पायांना काही वजनच नव्हतं."